समुद्राचा हिशेब



समुद्रकाठी राहणाऱ्याला हवेतले मीठ पुस्तकातून शिकावे लागत नाही. खिडकीचे गज गंजतात, चष्म्याची काच चिकट होते. पण हे मीठ हवेत येते कसे? पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ खालीच राहते. मिठागराचे पीक निघते ते याच नियमाने.

उत्तर बुडबुड्यात आहे. वारा वाढला की लाटा फुटतात व पाण्यात हवा कोंडली जाते. ती बुडबुडा होऊन वर येते आणि फुटते. त्याच्या पापुद्र्याच्या चिंधड्या थेंब होऊन उडतात. मागच्या खळग्यातून पाण्याची बारीक धार उसळते, तिचेही थेंब होतात. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. थेंबातले पाणी उडाले की ते कण होऊन तरंगतात, आणि ढगातले थेंब अशा कणांभोवती धरतात. अमेरिकेतील वुडकॉक यांनी काचेच्या पट्ट्यांवर हे कण धरून, वाऱ्याचा जोर व उंची यांप्रमाणे मीठ कसे बदलते ते १९५३ साली मांडले. १९५७ साली ब्लँचर्ड यांच्यासह त्यांनी बुडबुड्यांचा हा व्यवहार सविस्तर प्रसिद्ध केला.

जहाजावरून मीठ मोजायचे म्हणजे हवा ओढून गाळायची. हवा झोताने वळवली की जड कण वळत नाहीत, समोरच्या पट्टीवर आदळतात. हलके पुढच्या गाळणीवर जातात. मिठाचा कण ओल धरून फुगतो; ८० टक्के आर्द्रतेत त्याचा व्यास कोरड्याच्या जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून आत आलेल्या हवेची आर्द्रता आधी ठरावीक करून घेतात. पुढे गाळणी शुद्ध पाण्यात धुऊन त्यातले सोडियम मोजतात. क्लोराइडवर भिस्त ठेवता येत नाही, कारण हवेतल्या आम्लाशी गाठ पडली की ते वायू होऊन निसटते. सोडियम जागचे हलत नाही. त्याच्या वजनाला ३.२६ ने गुणले की मिठाचे वजन मिळते. हाताच्या घामातही सोडियम असते, म्हणून एक कोरी गाळणी तशीच हाताळून, हवा न ओढता, परत आणतात. तिच्यावर जे सापडेल ते वजा करायचे.

याहून मोठी फसगत जहाजाच्याच धुराड्याची. म्हणून हवा घेण्याची नळी धुराड्याच्या पुढे, उंचावर बसवतात. अमेरिकेच्या ‘रोनाल्ड ब्राऊन’ जहाजावर ती समुद्रसपाटीपासून १८ मीटर उंचीवर होती. वारा मागून येऊन धूर नळीकडे वळला की पंप बंद!

हे वाचले तेव्हा मला एक जुना प्रसंग आठवला. एका कारखान्यात आम्ही धूळ मोजण्याची मागणी केली. मालकांनी यंत्र आणले आणि ठेवले उघड्या खिडकीपाशी. आकडा निघाला, पण तो खिडकीचा होता, यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराच्या छातीचा नव्हे. मोजणारा प्रामाणिक आहे की नाही, हे तो यंत्र कुठे ठेवतो यावरून कळते.

आता विचाराल, या खटाटोपाचे फळ काय? हिवाळ्यात आपल्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. १९९९ च्या जानेवारी ते मार्च या काळात ‘इंडोएक्स’ मोहिमेत भारताची ‘सागरकन्या’ आणि ‘रोनाल्ड ब्राऊन’ ही जहाजे हिंदी महासागरावरची हवा तपासत होती. तिथे धुरकट पडदा दिसला. तो कोणाचा? सल्फेट कोळसा व तेल जाळल्याने होते, तसे समुद्राच्या पाण्यातही असते. पण समुद्रात सोडियमच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा सल्फेट असते, हे ठाऊक आहे. सोडियम मोजले की समुद्राचा वाटा काढता येतो. उरलेल्यापैकी काही भाग समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींनी सोडलेल्या वायूपासून येतो. तोही सोडला, तरी त्या हिवाळी हवेतल्या सल्फेटचा मोठा भाग माणसाच्या जळणाकडेच बोट दाखवत होता. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या पडद्याचा बहुतांश भाग मानवनिर्मित होता.

म्हणजे मीठ मोजले म्हणून धूर सापडला. समुद्राच्या नावावर जेवढे आहे तेवढे चोख मांडा. मग आपले देणे त्याच्या खात्यावर टाकण्याची सोय कोणालाच उरत नाही. जमाखर्च लिहिणाऱ्या कारकुनालाही हे समजते. आपल्याला समजायला हरकत नसावी.