मालवणचा समुद्र: डॉल्फिन, स्नॉर्कल आणि विहिरीत पोहणारे आपण

पुसेगावातल्या मित्रांचे दोन प्रश्न सारखे येतात: मालवणला डॉल्फिन खरंच दिसतात का? आणि पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेल्याला स्नॉर्कलिंग जमेल का? हिवाळ्यात एक दिवस तिथं घालवला, तर आज त्यावरच बोलू.

सकाळ: डॉल्फिन

देवबागहून कर्ली नदीच्या मुखातून बोट समुद्रात जाते. सकाळीच निघायचं. वारा कमी असतो, पाणी सपाट असतं, त्यामुळं पाठीवरचा पर लांबूनही कळतो. इथं दिसतात ते मुख्यतः हंपबॅक डॉल्फिन, म्हणजे पाठीवर उंचवटा असलेले. ते किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच राहतात.

डॉल्फिन मासा नाही बरं का. तो फुप्फुसानं श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं, आणि तेवढ्यातच तो आपल्याला दिसतो. खूण सोपी आहे: माशाची शेपटी डावी-उजवीकडं हलते, डॉल्फिनची वर-खाली.

आता खरी अडचण. एक डॉल्फिन दिसला की चार बोटी इंजिन रेटत मागं धावतात. डॉल्फिन कानावर जगतो. स्वतः आवाज काढतो आणि प्रतिध्वनीवरून मासे शोधतो. त्या घरघराटात त्याला शिकार कशी सापडणार? आमच्या तांडेलकाकांनी लांबच इंजिन बंद केलं. आम्ही गप्प बसलो. थोड्या वेळानं तीन डॉल्फिन आपणहून जवळून गेले. म्हणून बोटीत बसण्याआधीच सांगा, "काका, पाठलाग नको."

दुपार: स्नॉर्कल

स्नॉर्कलिंग सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होतं. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. आसपासचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे.

मास्क कशाला? आपला डोळा हवेत नीट बघायला बनलाय, पाण्यात सगळं धूसर दिसतं. मास्क डोळ्यासमोर हवेचा थर ठेवतो. फक्त एक गंमत होते: मीटरभर लांबचा मासा पाऊण मीटरवर वाटतो. हात पुढं केला की कळतं.

मग लांब पाइप लावून खोल का जात नाहीत? एक मीटर खाली पाण्याचा जादा दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम असतो. छाती ५०० चौरस सेंटिमीटर धरा, झाले ५० किलो. सिमेंटची गोणी छातीवर घेऊन श्वास ओढून बघा! शिवाय लांब पाइपात आपलीच सोडलेली हवा परत आत येते. म्हणून स्नॉर्कल आखूडच असतो आणि आपण वरच तरंगतो.

खाली खडकांवर प्रवाळ दिसतात. दगड समजून त्यावर उभं राहू नका, ते जिवंत प्राणी आहेत. त्यांच्या अंगात बारीक शैवाल राहतं आणि तेच त्यांना अन्न देतं. पाणी जास्त तापलं की हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरे पडतात. उन्हाचा मार आधीच आहे, त्यात आपले पाय कशाला? माशांना ब्रेड-बिस्किटंही नकोत.

विहीर आणि समुद्र

विहिरीत पोहणाऱ्याला स्नॉर्कलिंग नक्की जमतं. खाऱ्या पाण्यात तरंगणं तर जास्तच सोपं. पण विहिरीला कठडा असतो, ओढ नसते. समुद्रात लाट आणि प्रवाह दोन्ही असतात. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि पर्यटकांचे जीव गेले. तेव्हा लाइफ जॅकेट फोटोपुरतं नाही, बोटीत पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत अंगावर ठेवा. बोटीत गर्दी दिसली तर सरळ पुढची बोट घ्या. समुद्र खवळलेला असेल तर पैसे गेले तरी चालतील, पण जाऊ नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा काळ. पावसाचा गाळ बसलेला असतो, खालचं स्पष्ट दिसतं. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं.

अजून काही विचारायचं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटू मंडळी!