सव्वाशे डॉलरचं गाणं

'हॉन्की टॉन्क' म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतले स्वस्तातले बार. बिअर, ज्यूकबॉक्स, नाच आणि स्टील गिटारवर वाजणारी दुखरी कंट्री गाणी. दारू, दगाबाजी, तुटलेले संसार असा सगळा मामला. गाणारे बहुतेक पुरुषच. बायका गाण्यात असायच्या, पण मोडलेल्या मनाला जबाबदार म्हणून!

1952 मध्ये हँक थॉम्पसनचं 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ' तुफान गाजलं. त्यातही तेच. संसार सोडून बारच्या झगमगाटाकडे गेलेल्या बाईला दिलेला दोष. त्याला त्याच चालीत उत्तर दिलं नॅशव्हिलच्या किटी वेल्सने. बायका बिघडतात त्याला लग्न लपवून हिंडणारे नवरेही जबाबदार आहेत, असं तिने सरळ सांगून टाकलं.

आता वाटेल, ही कोणी तरी भडक बंडखोर असणार. छे! किटी होती 32 वर्षांची, तीन मुलांची आई. आधीच्या रेकॉर्ड्‌स पडल्या होत्या आणि गाणं सोडून घरीच बसायचा विचार चालला होता. हे गाणं तिने घेतलं ते रेकॉर्डिंगच्या 125 डॉलरसाठी. मला हेच भारी वाटतं. क्रांती वगैरे डोक्यात नाही, आलेलं काम चोख करायचं, बस्स.

मग गंमत झाली. एनबीसी रेडिओने गाण्यावर बंदी घातली. 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्रीच्या मानाच्या कार्यक्रमातही सुरुवातीला ते गायला मनाई होती. पण लोकांनी ते उचलून धरलं. 'बिलबोर्ड'च्या कंट्री यादीत एकट्या गायिकेचं गाणं प्रथमच नंबर वन झालं आणि सहा आठवडे तिथेच राहिलं. 'बायकांच्या रेकॉर्ड्‌स खपत नाहीत' म्हणणाऱ्या कंपन्यांची बोलतीच बंद! पुढे पॅट्सी क्लाइन, लोरेटा लिन, डॉली पार्टन आल्या, त्या याच उघडलेल्या दारातून.

किटी 2012 मध्ये, 92 व्या वर्षी गेली. ती दोन्ही गाणी एकामागोमाग एक ऐकाच. तिचा आवाज कुठेही चढत नाही. मीटिंगमध्ये 'हे मार्केटमध्ये चालत नाही' असं कुणी ठासून सांगितलं, की मला हटकून तो शांत आवाज आठवतो.