व्हेरियंट वाढले की चाकणला काय होतं?

७ ऑक्टोबर २०२१ आठवतोय? महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० चं बुकिंग उघडलं आणि ५७ मिनिटांत २५,००० गाड्या बुक. गाडी बनायची आपल्या चाकणला. पण टॉप व्हेरियंट घेणाऱ्या अनेकांना पुढे वर्षाहून जास्त वेटिंग सांगितलं गेलं. जगभर चिपचा तुटवडा होता, हे खरंच. मग साधं व्हेरियंट त्या मानाने लवकर कसं मिळत होतं? कारण फीचर जितके जास्त, तितक्या चिप जास्त, आणि एक जरी नसली तरी गाडी अडकते.

आता हिशोब बघा. समजा चार व्हेरियंट, दोन इंधनं, दोन गिअरबॉक्स, पाच रंग. झाल्या ८० प्रकारच्या गाड्या! आम्ही सॉफ्टवेअरवाले ॲपमध्ये एक ड्रॉपडाउन वाढवतो आणि चहाला जातो. कारखान्यात मात्र पर्याय वाढला की वेगळा पार्ट, वेगळा रॅक, आणि चुकीचा पार्ट बसायची भीती.

खरी कसरत भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या प्रेस शॉपची. डाय बदलायला ४० मिनिटं धरा. दिवसात दोनदा बदलली तर ८० मिनिटं गेली, सहादा बदलली तर चार तास. तेवढा वेळ प्रेस बंद, पगार चालूच. एकदम भरपूर माल काढून ठेवावा, तर पैसा गोदामात अडकतो. जपानच्या शिगेओ शिंगो यांनी यावर उपाय दिला: पुढची डाय मशीन चालू असतानाच तयार ठेवा, आणि बदल दहा मिनिटांच्या आत आणा. माझ्या मते नवीन मशीन घेण्याआधी हे करावं.

मोठ्या कंपन्यांची युक्ती वेगळी. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यात कुशाक, स्लाव्हिया, टायगुन, व्हर्टस या चारही गाड्या एकाच प्लॅटफॉर्मवर बनतात. इंजिनंसुद्धा तीच, १.० आणि १.५ लिटरची. गिऱ्हाइकाला चार गाड्या दिसतात, आतले बरेच पार्ट मात्र सारखेच.

स्वस्त, चांगलं, वेळेवर आणि हवं तसं, हे चारही एकदम जमवणं फार अवघड. कंपनी त्यातलं काय पुढे ठेवते, ते तिच्या व्हेरियंटच्या यादीत दिसतं. आणि भोसरीच्या शॉपवाल्याने रेट देताना डाय बदलायचा वेळ धरला नसेल, तर आपल्या जास्तीच्या पर्यायाचे पैसे तोच भरतोय.