सूड आणि घड्याळ

नवऱ्याचा छळ सोसणारी स्त्री अखेर कायदा हाती घेऊन स्वतःच त्याला शिक्षा करते, हे कथानक थरारपटांना विशेष मानवते, कारण त्यात प्रेक्षकाची सहानुभूती पहिल्या थपडेलाच मिळते आणि पुढचा सारा वेळ उत्कंठा वाढवायला मोकळा राहतो. जसमीत के. रीन दिग्दर्शित ‘डार्लिंग्स’ (2022) या चित्रपटात भायखळ्यातील बद्रुन्निसा मारकुट्या नवऱ्याला घरातच डांबून ठेवते आणि त्याने केलेल्या छळाची परतफेड करते. शेवटी मात्र ती त्याला सोडून देते आणि तो रेल्वेखाली सापडतो. पटकथेने नायिकेला खुनाच्या कलमातून अलगद सोडवले खरे, पण न्यायालयापुढे येणारा अवघड प्रश्नही त्या गाडीखालीच गेला.

तो प्रश्न वेळेचा आहे. चिथावणीमुळे भान सुटून केलेल्या हत्येला कायदा खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, म्हणजे कमी शिक्षेचा गुन्हा मानतो. परंतु इंग्लंडमध्ये 1949 च्या डफी खटल्यापासून हे भान सुटणे ‘आकस्मिक व तात्पुरते’ असावे, अशी अट रूढ झाली. तो खटलाही नवऱ्याचा मार खाणाऱ्या आणि तो अंथरुणात असताना त्याला ठार करणाऱ्या स्त्रीचाच होता, हे ध्यानात घेतले की या अटीचा एकांगीपणा उघड होतो: भांडणात तत्काळ हात उगारणे बलवानाला परवडते, दुबळ्याला प्रतिस्पर्धी झोपण्याची वाट पाहावी लागते.

किरणजीत अहलुवालिया यांनी दहा वर्षांच्या छळानंतर मे 1989 मध्ये इंग्लंडमधील क्रॉली येथे झोपलेल्या पतीला पेट्रोल टाकून पेटवले, तेव्हा मधल्या वेळामुळेच त्यांचा बचाव फसला आणि त्यांना जन्मठेप झाली. ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या संघटनेच्या मोहिमेनंतर 1992 मध्ये अपील न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला, मात्र तो चिथावणीच्या मुद्द्यावर नव्हे, तर ‘न्यून उत्तरदायित्वा’च्या, म्हणजे मानसिक विकारामुळे जबाबदारी कमी ठरण्याच्या मुद्द्यावर. थोडक्यात, त्यांचा संताप समजण्याजोगा होता असे म्हणण्यापेक्षा त्यांचे मन आजारी होते असे म्हणणे कायद्याला सोपे गेले. पुढे 2009 च्या कायद्याने, जो 2010 पासून लागू झाला, आकस्मिकतेची अट काढली; पण विचारपूर्वक सूड घेण्याची इच्छा असल्यास हा बचाव मिळत नाही, असेही त्यात स्पष्ट केले. थरारपटांतल्या योजना आखणाऱ्या बहुतेक नायिका याच कलमाला अडखळतील.

भारतात आजही ‘गंभीर व आकस्मिक’ प्रक्षोभाचीच अट आहे. पत्नीच्या कबुलीनंतर तिच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या, म्हणजे मुंबईच्या नानावटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये मधला सुमारे तीन तासांचा अवधी राग शमण्यास पुरेसा मानला, मात्र मृताच्या आधीच्या कृत्यांनी तयार झालेली मनोभूमिका विचारात घेता येते, असेही त्याच निकालात म्हटले. ती खिडकी छळग्रस्त स्त्रियांसाठी फारशी उघडली गेली नाही. गुवाहाटी उच्च न्यायालयाने 2013 मध्ये एका स्त्रीची खुनाची शिक्षा सदोष मनुष्यवधावर आणली, तेव्हा दीर्घकाळच्या छळाचा स्त्रीच्या मनावर होणारा परिणाम विचारात घेतला गेला. तिने नवऱ्याला मारले होते ते त्याने तिच्यावर उगारलेल्या लाकडानेच.