गाळ तलावाचा, कस शिवाराचा
पाझर तलाव गाळाने भरला की पाणी मावत नाही. तोच काळाभोर गाळ मुरमाड रानात पसरला की जमीन कसदार होते. राज्याने २०१७ मध्ये आणलेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना यावरच उभी आहे. तेव्हाची वाटणी सरळ होती: पोकलेन-जेसीबी स्वयंसेवी संस्थांचे, डिझेल सरकारचे, वाहतूक शेतकऱ्याची. गोम इथेच होती. ज्याच्याकडे ट्रॅक्टरच्या भाड्यालाही पैसे नाहीत, त्याच्या रानात गाळ पोहोचणार कसा? २०२३ मध्ये अल्पभूधारक, विधवा आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या कुटुंबांना त्यासाठी अनुदान ठरले. उशिरा का होईना, योग्य झाले. या योजनेत वाळू उपशाला मात्र सक्त मनाई आहे. तलाव आटण्याआधीच ग्रामपंचायतीत चौकशी करा.