बुडावर पडला, म्हणून वाचला?

बोईसरचा चौदा वर्षांचा मुलगा. घराशेजारी इमारतीचं काम चालू होतं. पहिल्या मजल्याचा स्लॅब पडलेला, खाली रेतीचा ढीग. पोरं स्लॅबवरून ढिगावर उड्या मारत होती. याने शेवटची उडी जरा वेगळी मारली. हवेतच पाय पोटाशी घेतले आणि थेट बसला. उठला, कपडे झटकले आणि चालत घरी गेला. रात्री कंबर धरली. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका माणसाकडून मालीश झालं. तिसऱ्या दिवशी लघवी होईना, तेव्हा वडील आणि काका त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून, सगळे खड्डे खात, पालघरला घेऊन आले.

वडिलांचं पहिलं वाक्य होतं, ‘‘बुडावर पडला म्हणून बरं डॉक्टर, डोक्यावर पडला असता तर?’’ आणि उडी कसली मारलीस म्हणून विचारल्यावर मुलगा म्हणाला, ‘‘ग्राउंड पाउंड.’’

मला काही कळलं नाही. आमच्या पिढीचा मारिओ टीव्हीला जोडायच्या कॅसेटमधला. तो धावायचा, उडी मारायचा, संपलं. घरी मुलाने समजावलं. १९९६ साली आलेल्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये मारिओला बऱ्याच नव्या उड्या मिळाल्या. लागोपाठ तीन उड्या मारल्या की तिसरी सर्वांत उंच जाते, भिंतीला लाथ मारून उलट दिशेला उडता येतं. त्यातलीच एक ग्राउंड पाउंड. हवेत कोलांटी घ्यायची आणि बुडावर धाडकन आपटायचं. गंमत अशी, की या गेममध्ये फार उंचावरून पडलं तर मारिओची शक्ती कमी होते. पण जमिनीला टेकण्याच्या जरा आधी ग्राउंड पाउंड केला तर तो सहीसलामत सुटतो. पुढे २०१७च्या ‘ओडिसी’त तर कितीही उंचावरून पडा, शक्ती कमी होतच नाही.

मी गेमला दोष देत नाही. पोरं मारिओच्या आधीही झाडांवरून, विहिरीच्या कठड्यावरून उड्या मारतच होती. माझा आक्षेप त्या वडिलांच्या वाक्याला आहे, कारण ते मी अपघात विभागात वर्षानुवर्षं ऐकतो आहे. बूड मऊ असतं, म्हणून तिथे पडणं सुरक्षित, ही समजूत गेम बनवणाऱ्यांची आणि आपली एकच आहे.

हिशेब करून पाहा. तीन मीटरवरून, म्हणजे साधारण एका मजल्यावरून पडणारं शरीर जमिनीला टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. तो वेग शून्यावर किती अंतरात येतो, यावर सगळं ठरतं. पायांवर उतरून घोटे, गुडघे, खुबे वाकवत खाली बसलात, तर थांबायला अर्धा मीटर मिळतो आणि शरीरावर वजनाच्या सरासरी सहा-सात पट जोर येतो. तोही कमी नाही. टाचेची हाडं त्यातही मोडतात. पण कडक जमिनीवर थेट बुडावर बसलात, तर मांस दबून मिळतात जेमतेम तीन सेंटिमीटर. मग जोर शंभर पट. पाय बाजूला काढून घेतलेले, त्यामुळे हा दणका माकडहाड आणि कटीतून सरळ कण्यात चढतो. आणि पावसात भिजून बसलेली रेती दिसते तेवढी मऊ नसते.

तो दणका बहुतेक वेळा एका ठरावीक जागी अडतो. छातीचे मणके बरगड्यांनी जखडलेले, कंबरेचे मोकळे. या दोहोंच्या सांध्यावर, म्हणजे छातीचा बारावा आणि कंबरेचा पहिला मणका, तिथे हाड दबतं किंवा फुटतं. मज्जारज्जू संपतो तोही जवळपास तिथेच. फुटलेला तुकडा मागे सरकला की पाय बधिर होतात, लघवी अडते. या मुलाचं तेच झालं होतं. तीन दिवस चालला, म्हणून कुणाला शंका आली नाही. मणका मोडलेला माणूस चालू शकतो, हे लोकांना पटत नाही. टाच मोडलेल्या दहा रुग्णांमागे साधारण एकाचा मणकाही मोडलेला असतो, म्हणून उंचावरून पडलेल्याची टाच सुजली असेल तर आम्ही कंबरेचाही एक्स-रे मागवतो.

आता सर्वेश कुशारे आठवा. नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा २०२५मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उंच उडी मारून सहावा आला. तोही पाय वर घेऊन, चक्क पाठीवर पडतो. पण खाली जाड फोमची गादी असते. मणका त्याचाही हाडाचाच आहे, फरक फक्त थांबायला मिळणाऱ्या अंतराचा. जव्हारकडच्या धबधब्यांत उड्या मारणाऱ्यांनी पाण्याला गादी समजू नये. दहा मीटरवरून पाण्याला टेकताना वेग ताशी ५० किलोमीटर असतो, आणि खाली खडक किती खोल आहे हे वरून दिसत नाही.

हा ग्राउंड पाउंड न खेळताही होतो. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलेल्या साठीच्या बाई, गतिरोधकावर बस उडते, बाई हवेत जातात आणि सीटवर आपटतात. हाडं ठिसूळ असतील तर मणका दबायला तेवढं पुरतं. कंबर लचकली म्हणून त्या महिनाभर बाम चोळत राहतात. वयस्कर माणसांना बसच्या मागच्या चाकापलीकडे बसवू नका, जागा पुढच्या कुणाकडून तरी मागून घ्या.

तो मुलगा आता चालतो. मुंबईला शस्त्रक्रिया झाली, मणक्याला स्क्रू आणि सळ्या बसवल्या. उजवं पाऊल अजून बधिर आहे. ते किती सुधारेल हे इतक्यात सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी आणि आडवा आणला असता तर? हा प्रश्न वडिलांनी मला दोनदा विचारला. दुखापत तेवढीच राहिली असती असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण मालीश आणि तो मोटारसायकलचा प्रवास नक्की टळला असता.

उंचावरून पडलेला माणूस पाठ किंवा कंबर दुखते म्हणाला, पायांना मुंग्या आल्या किंवा लघवीची जाणीव गेली, तर त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजायलाही नाही. १०८ला फोन करा. गाडी पाड्यापर्यंत येत नसेल आणि उचलावंच लागलं, तर झोळी नको, तिच्यात कणा वाकतो. घराचं दार किंवा रुंद फळी काढा. चौघांनी मिळून डोकं, छाती, कंबर, पाय एका रेषेत ठेवत त्याला एकदम कुशीवर वळवा, फळी पाठीमागे सरकवा आणि तसंच एकदम फळीवर उताणा घ्या. मग ओढणीने किंवा गमछ्याने फळीला बांधून, आडवंच घेऊन या.