चांद्याच्या तटावरचे इंचभर सैनिक

20 मे 1818 च्या सकाळी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तटाला पडलेल्या खिंडारातून कंपनी सरकारच्या पलटणी आत घुसल्या. महिन्याभरापूर्वी, 17 एप्रिलला, यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल अ‍ॅडम्सने दुसऱ्या बाजीरावाची फौज उधळली होती. मग तो चांद्याकडे वळला. नागपूरचे आप्पासाहेब भोसले मार्चमध्येच कैद झाले होते, आणि वेढा चालू असताना मे महिन्यात ते इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले. चांद्याचा किल्लेदार गंगासिंग मात्र आप्पासाहेबांच्या नावाने किल्ला धरून बसला होता. त्याला या लढाईतच मरण आले. पेशव्यांची शरणागती 3 जूनची, म्हणजे मराठी राज्याच्या शेवटच्या झुंजींपैकी एक आमच्या गावच्या तटावर झाली. जटपुरा गेटातून रोज दुचाकी दामटणाऱ्या किती चंद्रपूरकरांना हे ठाऊक आहे?

ही लढाई टेबलावर मांडता येते. जगभर हजारो माणसे असा छंद करतात. इंच-सव्वा इंचाचे शिशाचे, प्लास्टिकचे किंवा रेझिनचे सैनिक आणायचे, एकेक हाताने रंगवायचा, टेबलावर टेकड्या, नद्या, गावे मांडायची आणि मोजपट्टी नि फासे घेऊन एखादी जुनी लढाई पुन्हा खेळायची. याचे मूळ प्रशियाच्या लष्करात आहे. राइसवित्स बापलेकांपैकी बापाने 1812 मध्ये राजाला असा खेळ दाखवला आणि मुलाने 1824 मध्ये त्याचे नियम छापले. तो अधिकाऱ्यांच्या शिकवणीचा भाग झाला. खेळण्यातले शिपाई घेऊन घरच्या जमिनीवर युद्ध कसे खेळावे, यावर एच. जी. वेल्सने 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. 1962 मध्ये डोनाल्ड फेदरस्टोनच्या ‘वॉर गेम्स’ने इंग्लंडात या छंदाला आजचे रूप दिले. महाराष्ट्रातल्या लढायाही त्या टेबलांवर पोचल्या आहेत. 23 सप्टेंबर 1803 ची असईची लढाई वेलिंग्टनमुळे तिकडे प्रिय आहे. शिंद्यांच्या कवायती कंपूंचे शिपाई, तोफा, बैल जुंपलेले गाडे, सगळे रंगवले जाते. त्याच वर्षाच्या अखेरीचे आडगाव आणि गाविलगड हे वऱ्हाडातले. चांदा मात्र बहुधा कोणी मांडत नाही.

मांडायला घेतला की पहिली अडचण लांबीची. चांद्याचा परकोट सुमारे 11 किलोमीटर. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. या छंदात सर्वांत जास्त चालणारे माप 28 मिलिमीटरचे, म्हणजे प्रमाण साधारण 1 ला 56. त्या मापाने परकोटच 196 मीटर भरतो. सहा मिलिमीटरचे चिमुकले सैनिक घेतले, तरी 37 मीटर. म्हणून पूर्ण शहराचा हट्ट सोडायचा आणि खिंडाराच्या आजूबाजूचा तुकडा घ्यायचा. पंधरा-वीस फुटांचा तट 28 मिलिमीटरच्या मापात आठ ते अकरा सेंटिमीटर उंच होतो. थर्माकोलवर चिरे कोरायचे, वर फेव्हिकॉल आणि बारीक रेती. रंग पुस्तकातल्या किल्ल्यांसारखा करडा देऊ नये. सह्याद्रीतले गड काळ्या बेसॉल्टचे, चांद्याचा दगड वालुकाश्म. तो पिवळट-तांबूस असतो, पावसाच्या ओघळांनी काळवंडतो आणि सांध्यांत हिरवट होतो. दरवाजावर हत्तीला दाबून धरणारा सिंह कोरलेला आहे, ते गोंड राजांचे राजचिन्ह. ते वगळून केलेला तट चांद्याचा होत नाही.

हल्ला करणाऱ्यांना रंगवणे सोपे आहे. अ‍ॅडम्सच्या हाताखाली बंगाल आणि मद्रास अशा दोन्ही फौजांच्या पलटणी होत्या आणि खिंडारावर गेलेल्या रांगा त्यानुसार दोन होत्या. तांबडा डगला सगळ्यांचा, पण कॉलरचा आणि बाह्यांच्या टोकांचा रंग पलटणीगणिक वेगळा, आणि तो लष्करी नियमाने ठरलेला. छातीवरून आडवे गेलेले पांढरे पट्टे, पाठीवरचे ओझे, गोऱ्या अधिकाऱ्याच्या कमरेचा किरमिजी शेला, या सगळ्याची नोंद आहे. मोहिमेचा तपशीलवार इतिहास व्हॅलेंटाइन ब्लॅकरने नकाशांसह 1821 मध्ये, म्हणजे अवघ्या तीन वर्षांत, छापला. जिंकणाऱ्यांच्या कारकुनांनी बटणापर्यंत लिहून ठेवले आहे.

तटावरच्या माणसांना असा गणवेशच नव्हता, आणि रंगवणाऱ्याची खरी परीक्षा इथे सुरू होते. किल्ल्यात काही अरब होते. नागपूरकर भोसल्यांच्या पदरी अरबांचा मोठा भरणा होता. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीला आणि डिसेंबरमध्ये नागपूर शहराच्या वेढ्यात त्यांनी इंग्रजांना जेरीस आणले होते. लांब नळीची तोड्याची बंदूक, कमरेला जंबिया, डोक्याला गुंडाळलेले फडके. असे पुतळे बाजारात मिळतात, कारण अरब योद्धा अनेक लढायांत लागतो. उरले ते स्थानिक शिबंदीतले लोक. कोणी भोसल्यांचा नोकर, कोणी पेठेतला, कोणी गोंड. त्यांचा साचा कोणताही कारखाना विकत नाही.

हाताशी असलेली साधने तपासून घ्यावी लागतात. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, शस्त्रांचे दालन आहे. तलवारीची मूठ, ढालीचा घेर, भाल्याचे पाते तिथे डोळ्यांनी बघता येते. स्टीफन हिस्लॉपचे मध्य प्रांतातल्या आदिवासींवरचे टिपण 1866 मध्ये छापले गेले. मेजर लूसी स्मिथचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल 1870 च्या सुमाराचा. रसेल आणि हिरालाल यांचे जाती-जमातींवरचे खंड 1916 चे. या सगळ्यांत गोंडांच्या पेहरावाबद्दल काही ना काही सापडते. पण ही वर्णने शेतावरच्या, बाजारातल्या, सणातल्या माणसाची आहेत आणि लढाईनंतर पन्नास ते शंभर वर्षांनी लिहिलेली. ती जशीच्या तशी तटावर चढवली, तर प्रत्येक गोंड लंगोटीत आणि तिरकमठा घेऊन उभा राहतो. परदेशी चित्रांत तो तसाच दिसतो, आणि मला ते मान्य नाही. ‘ऐने-अकबरी’त चांद्याच्या राजाकडे 40,000 पायदळ असल्याची नोंद आहे. हे राज्य साधारण 1751 पर्यंत टिकले, मग नागपूरकर भोसल्यांनी गिळले. ज्यांच्या राजांनी एवढा परकोट उभारला, पुढे हिराई राणीने राजा बीरशहाची समाधी बांधली, त्यांच्या दरबारी सरदाराला आणि शिपायाला अंगरखा, पागोटे आणि ढाल-तलवार नाकारणे हा अन्याय आहे. माझ्या टेबलावर म्हणून तीन प्रकार आहेत: पागोटे-अंगरखा आणि तलवारवाला, आखूड धोतर नि उघड्या अंगाचा बंदूकवाला, आणि तिरकमठेवाला. तिसरे सर्वांत कमी.

हे पुतळे दुसऱ्याच पुतळ्यांच्या अंगावर उभे करावे लागतात. परदेशात त्यासाठी खास हिरवी पुट्टी वापरतात. आमच्याकडे नळ बुजवायचे एम-सील चालते. दोन रंगांचे गोळे मळायचे, बोट पाण्यात बुडवायचे आणि टाचणीच्या टोकाने पागोट्याचे पीळ काढायचे. मळल्यावर हाताशी थोडीच मिनिटे असतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात तर ती आणखी कमी, पुट्टी बोटातच आवळायला लागते. वाळली की करड्या अस्तराचा हात.

मग कातडीचा रंग. बाटलीवर ‘कातडी’ म्हणून मिळणारा रंग गुलाबी असतो, युरोपातल्या माणसाचा. उघड्या अंगाच्या सैनिकावर अर्धा पुतळा कातडीच असते, म्हणजे इथे चुकलो तर सगळेच चुकले. आधी गडद तपकिरी सगळीकडे. त्यावर बर्न्ट सिएनात थोडा रॉ अंबर मिसळून खांदे, छातीच्या कडा, पोटऱ्या. उजेड दाखवायला त्यात पांढरा घातला की अंग राखेसारखे दिसते. पांढऱ्याऐवजी पिवळी गेरू घालावी, मग उन्हात घामेजलेले अंग दिसते. नाकाच्या शेंड्यावर आणि गालाच्या हाडावर ट्रिपल झिरो ब्रशचा एकेक ठिपका, एवढ्यात चेहरा जागा होतो. धोतर शुभ्र करायचे नाही. हातमागाचे जाडेभरडे कापड, त्यात धुळीची मोहीम. गेरू आणि करड्याचा पातळ हात चुण्यांत उतरू द्यायचा, मग मळकट पांढऱ्याची रेघ फक्त चुणीच्या माथ्यावर. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी रंगवणारे हात विदर्भात गावोगाव आहेत. डोळा कसा काढावा, हे या हातांना निराळे शिकवावे लागत नाही.

धातूचे छोटे योद्धे तर या मुलुखाला नवे नाहीतच. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरात डोकरा पद्धतीने, मेणाचा नमुना वितळवून, घोडेस्वार देव ओततात. शेजारच्या आदिलाबादच्या ओझा कारागिरांच्या डोकरा कामाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पूजेच्या मूर्ती खेळात आणू नयेत, हे उघड आहे. पण ज्या पट्ट्यात बोटाएवढा स्वार पितळेत ओतणारे हात आहेत, तिथे खेळाचे सैनिक इंग्लंडहूनच मागवायचे, हे मला पटत नाही.

टेबलावर जमीन अंथरताना बहुतेकांचा हात हिरव्याकडे जातो, कारण तयार मिळणारा भुसा आणि नकली गवत युरोपच्या कुरणासारखे असते. चांद्याची लढाई मे महिन्यातली. त्या वेळी सागाचा सांगाडा उभा असतो, गवत पिवळे पडून आडवे झालेले, खाली पानगळीचा थर, आणि तेंदूपत्ता तोडायची घाई. इरई आणि झरपट या नद्या आटून वाळू वर आलेली. हिरवे काही असलेच तर आंबा, जांभूळ आणि नदीकाठ. म्हणून जमीन तपकिरी, तांबूस, गवती पिवळी. वाळलेल्या काटक्या म्हणजे साग. हा नुसता देखाव्याचा हट्ट नाही. झाडाला पाने नसली की नजर लांब जाते, आणि खेळात कोण कोणाला पाहू शकतो, यावर सगळे ठरते. ऊन मात्र फाशांत पकडता येत नाही. लढाईनंतर अ‍ॅडम्सच्या फौजेला परतीच्या वाटेवर पटकीने गाठले. त्याही मृत्यूंना टेबलावर जागा नाही.

याच्या अगदी उलटा खेळ चाळीस वर्षांनंतरचा आहे. बाबुराव शेडमाके यांचा जन्म 1833 मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, अहेरी भागातल्या किष्टापूरचा. सप्टेंबर 1857 पासून त्यांनी माणसे जमवली, 7 मार्च 1858 ला राजगड घेतला आणि 13 मार्चला नांदगाव-घोसरीला कॅप्टन क्रिक्टनच्या फौजेशी त्यांची गाठ पडली. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. 29 एप्रिलला चिंचगुडीला तार खात्याच्या तळावर छापा पडला, त्यात गार्टलँड आणि हॉल मारले गेले. 21 ऑक्टोबर 1858 ला बाबुरावांना चांद्याच्या तुरुंगात पिंपळाला फाशी दिली. तो पिंपळ तुरुंगाच्या आवारात आहे आणि दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे जमतात.

नांदगाव-घोसरीची लढाई मांडायला तट लागत नाही. माणसे, टेकडी, नाला आणि जंगल. मार्चमध्ये पळस फुललेला, मोह टपकू लागलेला. इथे टेबलावर नारिंगी ठिपके हवेतच. बाबुरावांच्या माणसांत गोंडांबरोबर रोहिलेही होते, ही नोंद रंगवणाऱ्याला फार मोलाची आहे. म्हणजे तुकडी एकसारखी नाही. सैल विजारी, लांब कुडते, पठाणी पागोटी एका बाजूला आणि आखूड धोतरे दुसऱ्या बाजूला. जुन्या तोड्याच्या बंदुकांशेजारी भाले आणि तिरकमठे. असा पुतळ्यांचा गट पाहिला की हे बंड नुसते ‘जंगलातल्या लोकांचे’ नव्हते, हे समजावून सांगावे लागत नाही.

लढाईचा खेळ मांडताना गडचिरोलीत एक मर्यादा पाळावी लागते, आणि ती मी मनापासून पाळतो. या जिल्ह्यात गेल्या चार दशकांत बंदुकीने घरे ओस पडली आहेत, नक्षलवादी आणि पोलीस अशा दोन्ही बाजूंना इथलीच पोरे गेली आहेत. तो काळ टेबलावर आणू नये. ज्यांच्या जखमा ओल्या आहेत, त्यांच्यासमोर फासे टाकायचे नसतात. 1858 मध्येही फाशी गेलेला माणूस आहे, आणि त्याचे नाव आजही आदराने घेतात. म्हणून मी बाबुरावांचा पुतळा खेळात ठेवत नाही. त्यांची माणसे असतात, निर्णय खेळणारा घेतो.

दिवाळीत हे सगळे लिहिण्याचे कारण अंगणातला किल्ला. आमच्याकडे ही चाल पुण्या-साताऱ्याइतकी घरोघर नाही, पण शहरात आता मुले माती आणि पोती घेऊन किल्ला करतात. करतात तो रायगड किंवा प्रतापगड. वर बाजारातले मावळे, सगळे एकाच साच्यातले, भगवे पागोटे, हातात ढाल-तलवार. त्यात वाईट काहीच नाही, महाराजांचा किल्ला करावाच. पण चंद्रपूरच्या पोराला दाराबाहेर 11 किलोमीटरचा परकोट असताना एकदा तरी चांदा करून पाहावासा वाटला पाहिजे. इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी 2017 पासून या तटावरची झुडपे आणि कचरा हटवायचे काम हाती घेतले. बुरूज पुन्हा दिसू लागले, त्यावर चालता येऊ लागले. आता पाहायला काही आहे, मापे घ्यायला जागा आहे.

सुरुवात दरवाजापासून करावी. जटपुरा घ्यायचा, त्याच्या दोन्ही अंगांचे बुरूज आणि वर सिंह-हत्ती. पुठ्ठ्याचा केला तरी चालेल. चिरे रंगवताना गेरू आणि फिकट पिवळा आलटून पालटून वापरावा. मावळे बाजारातलेच आणावेत, पण सगळ्यांची पागोटी भगवी ठेवू नयेत. काहींच्या डोक्यावर मळकट पांढरा, एखाद्याला तांबडा, दोघा-तिघांना एम-सीलचे अरबी फडके. काहींच्या हातातली तलवार कापून तिथे झाडूची काडी चिकटवली की तोड्याची बंदूक होते. बुरुजावर नागपूरकरांचा भगवा, आणि खाली वाळूत, जिथे खिंडार दाखवायचे असेल तिथे, ढासळलेल्या चिऱ्यांचा ढीग. शेजारच्या पाटीवर तारीख लिहावी आणि गंगासिंग किल्लेदाराचे नावही.